भिवकुंड पॅसेंजर

मुलुंड पूर्वेला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारायच्या आधी एक प्रश्न विचारला होता.

"समज, एका गाडीत रोज वीसच माणसं बसतात. गाडी चालू ठेवावी की बंद करावी?"

त्या दिवशी मी आधीच तीन खोल्या बघून आले होते. पहिल्या मालकाने मासे खातेस का ते विचारलं होतं, दुसऱ्याने लग्न कधी करणार ते, आणि तिसऱ्याने घरी कोण कोण येणार ते. या चौथ्यांचा प्रश्न निदान माझ्या पोटापाण्याचा तरी होता. वाहतुकीचे सर्व्हे करणाऱ्या एका कंपनीत मी नुकतीच लागले होते. कुठल्या चौकातून किती गाड्या जातात, कुठल्या बसला किती माणसं चढतात, हे मोजून त्याचे तक्ते करणं हे माझं काम.

"बंद करावी," मी म्हणाले. "वीस माणसांना दोन जीप पुरतात. त्यासाठी इंजिन कशाला?"

आतल्या खोलीतून एक बाई "झाला आता!" असं काहीतरी म्हणाल्या. काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "एक तारखेपासून ये राहायला."

आतल्या बाई म्हणजे काकू. मला खोली का मिळाली याचा खुलासा त्यांनी पुढे सहा महिन्यांनी, बोंबील साफ करता करता केला. "अगो, त्यांका भांडूक कोणतरी व्हया होता. माज्यावांगडा भांडान कंटाळले ते."

काका विक्रोळीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी तपासणी खात्यात. तयार झालेला सुटा भाग हातात घ्यायचा, मापाने मोजायचा आणि पास किंवा नापास असा शेरा मारायचा. वडील मालवणाकडून येऊन गिरणीत लागलेले, घर आधी परळला, मग मुलुंडला. म्हणजे या माणसाचं गाव कोकणात, जन्म मुंबईत आणि जीव मात्र तिसरीकडेच अडकलेला. विदर्भात, जंगलाच्या कडेला भिवकुंड नावाचं एक स्टेशन आहे. जंक्शनपासून एक फाटा निघतो, मध्ये सात लहान स्टेशनं लागतात आणि आठवं भिवकुंड. पुढे रूळच नाहीत. या फाट्यावर दिवसातून एक पॅसेंजर जायची आणि एक यायची. लॉकडाऊनमध्ये सगळ्या गाड्या बंद झाल्या तशी तीही झाली. बाकीच्या सुरू झाल्या, ही झाली नाही. खाणीचा माल घेऊन मालगाडी अधूनमधून जायची, त्यामुळे रूळ शाबूत होते. "रूळ आहेत, फलाट आहे, नळाला पाणी आहे," काका सांगायचे, "फक्त गाडी तेवढी नाही."

सोसायटीत त्यांना सगळे 'पॅसेंजर' म्हणायचे. तोंडावर 'पॅसेंजरकाका'. माझं कुरियर यायचं तेव्हा वॉचमन त्या पोऱ्यालाही हेच सांगायचा, "वो पॅसेंजरवाले अंकल का घर, दूसरा माला."

भिवकुंडशी त्यांचं नातं काय, तर एक चूक. तरुण असताना कंपनीने त्यांना जंक्शनजवळच्या एका कारखान्यात ओतकाम तपासायला पाठवलं होतं. परत येताना ते चुकीच्या फलाटावरच्या चुकीच्या गाडीत बसले आणि झोपले. गार्डने हलवून उठवलं तेव्हा गाडी भिवकुंडला उभी होती आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी. स्टेशन मास्तरांनी त्यांना घरी नेलं, इतकी तिखट वांग्याची भाजी खायला घातली की काकांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना मुंबईचं स्पेलिंग आठवेना, आणि सकाळी गाडीत बसवून दिलं. त्या परतीच्या प्रवासात त्यांनी जे पाहिलं ते आम्ही सगळ्यांनी किमान पन्नास वेळा ऐकलं. मध्येच गाडी थांबवून ड्रायव्हरने एका म्हातारीला चढवून घेतलं. टोपल्या दारातून आणि पोरं खिडकीतून आत आली. एक बकरी काकांच्या बॅगेवर बसली. कामाच्या बाबतीत केसाएवढा फरक न चालवून घेणारा हा माणूस बकऱ्यांच्या बाबतीत मात्र सैल होता. मी राहायला गेले तेव्हा एक बकरी होती, दिवाळीपर्यंत तीन झाल्या होत्या.

"तेव्हा मला कळलं," ते म्हणायचे, "की ही गाडी नाही. हे गावातलं घर आहे, चाकांवरचं."

पुढे लग्न झालं तेव्हा ते नव्या बायकोलाही तिथेच घेऊन गेले. हे काकूंनी त्यांना कधीच माफ केलं नाही. "लोकांचो हनिमून म्हाबळेश्वराक होता," त्या मला म्हणाल्या. "माजो झालो भिवकुंडाक. थंय बघूक काय, तर एक हातपंप आनि तीन माकडां. आनि हे माका विचारतत, आवडला?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"आवडला म्हटलंय. नवी होतंय ना मी!"

त्यानंतर दरवर्षी एकदा दोघं जायची. काकू कुरकुरत जायच्या, पण जायच्या.

घरात देव्हाऱ्याशेजारी एक चौकट होती. तिच्यात कुणाचा फोटो नव्हता, जुन्या वेळापत्रकाचं फाटकं पान होतं. रोज सकाळी आठ चाळीस झाले की काका घड्याळाकडे बघून म्हणायचे, "सुटली." बंद पडलेली गाडी त्यांच्या हिशेबी रोज भिवकुंडहून सुटायची. मग अकरा पंचवीसला, "पोचली जंक्शनला." काकूंनी याचा आपल्यापुरता उपयोग करून घेतला होता. 'सुटली'ला त्या दुसरा चहा टाकायच्या आणि 'पोचली'ला कुकर लावायच्या. मी सुट्टीच्या दिवशी घरी असले की मलाही त्याची सवय झाली. एकदा तर अकरा पस्तीस झाले तरी काका काही बोलले नाहीत, तेव्हा मीच स्वयंपाकघरातून ओरडले, "काका, आज लेट आहे का?"

"सिग्नलला उभी असेल," ते शांतपणे म्हणाले.

या वेडामुळे सोसायटीच्या सभा फार लवकर संपत. आमच्या चार मजली इमारतीला एक जुनी लिफ्ट होती आणि तिची मोटर सारखी जळायची. एका सभेत ठराव आला की लिफ्टने पहिल्या मजल्यावर थांबूच नये. पहिल्या मजल्यावर तसंही कोणी वापरत नाही. काका उभे राहिले.

"कोणीच वापरत नाही?"

"एक त्या गुडघेदुखीवाल्या आजी आहेत," सेक्रेटरी म्हणाले. "पण एका माणसासाठी..."

"एका माणसासाठी," काका म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आता तुम्हाला एक सांगतो. भिवकुंडला..."

"थांबू दे, थांबू दे!" चारी बाजूंनी ओरडा झाला. "लिफ्ट थांबू दे पहिल्या मजल्यावर! ठराव रद्द! चहा आणा रे!" रेल्वेला एवढी पत्रं लिहून काकांना जे जमलं नव्हतं ते तिथे नुसत्या गावाच्या नावाने झालं.

पत्रं मात्र ते खरंच लिहायचे. दर महिन्याला एक. उत्तर यायचं ते बहुतेक एकाच साच्यातलं. 'पुरेशा प्रवासी संख्येअभावी तूर्त विचार नाही.' काका त्या उत्तरावर लाल पेनाने शेरा मारायचे, 'नापास. पुन्हा तपासावे,' खाली सही करायचे आणि फाइलला लावायचे. अशा तीन फाइली होत्या.

आमची भांडणं संध्याकाळच्या चहाला व्हायची. मी म्हणायचे, "काका, त्या गाडीवर जेवढं डिझेल आणि जेवढी माणसं लागतात तेवढ्यात सगळ्या गावांना बस देता येईल. दारापर्यंत."

"देतात का पण? जीप भरेपर्यंत दोन तास उभी असते, ठाऊक आहे? भाजीची पाटी घेऊन टपावर बसलीयेस कधी? नाल्याला पाणी आलं की रस्ता बंद. रूळ उंचावर आहेत, ते कधी बुडाले नाहीत."

"पण माणसंच नाहीत हो तिथे."

"गाडी नाही म्हणून माणसं गेली, माणसं गेली म्हणून गाडी नाही. कोणीतरी आधी परत यायला पाहिजे ना? माणूस एकदा घाटकोपरला खोली घेऊन बसला की तो नाही येत परत. म्हणून मी म्हणतो, आधी गाडी येऊ दे." आणि मग बाल्कनीतून मुलुंड स्टेशनच्या दिशेने हात करून, "इथे चार मिनिटांनी गाडी आहे. एक चुकली तर लोक सरकारच्या नावाने शिमगा करतात. तिथे चार वर्षं झाली, कोणी आवाज तरी केला का?"

माझा मुद्दा मला आजही चुकीचा वाटत नाही. पण त्यांच्याशी बोलताना माझ्या तक्त्यांमधल्या आकड्यांना अचानक पाट्या, गुडघे आणि बकऱ्या फुटायच्या, हे खरं.

मग एक दिवस त्यांच्या पत्राला वेगळं उत्तर आलं. रेल्वेच्या तिथल्या कार्यालयात एक नवा तरुण अधिकारी आला होता. त्याने फोनच केला. म्हणाला, मला सह्या नकोत, निवेदन नको. कुठल्या गावातून कोण, कधी, कशासाठी जाणार, एवढं मला कळलं तर मी वर बोलू शकतो.

त्या संध्याकाळी काका माझ्या दारात येऊन उभे राहिले. स्वतःच्याच घरात त्यांनी दारावर टकटक केलं.

"तू मोजतेस ना माणसं?" ते म्हणाले. "माझी मोजशील?"

मार्चअखेर मी आठवड्याची रजा टाकली आणि आम्ही तिघं निघालो. काकू बरोबर सुकटीची चटणी आणि स्वतःची उशी घेऊन. जंक्शनपासून पुढे जीप. भिवकुंडला उतरले तेव्हा मी पहिल्यांदा ते स्टेशन पाहिलं. एक पिवळी बैठी इमारत, तिकीट खिडकीला आतून पुठ्ठा, आणि सबंध फलाटावर गावातल्या बायकांनी मोहाची फुलं वाळत घातलेली. गोड, जडसा वास सगळीकडे. काका त्या फुलांच्या कडेकडेने, पाय जपत, टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले.

सर्व्हेचा एक नियम असतो. विचारणाऱ्याने आपलं मत दाखवायचं नाही. मी काकांना बजावलं होतं, तुम्ही फक्त बसायचं. ते बसले, पण त्यांचं खोकणं सुरू झालं. मी विचारायची, "गाडी सुरू झाली तर तुम्ही जाल का?" समोरचा विचारात पडला की काका असं काही खोकायचे की तो घाबरून हो म्हणायचा. पहिल्या दिवसाचे सगळे फॉर्म मी फाडून टाकले. दुसऱ्या दिवशी काकूंनी त्यांच्या हातात लवंगांची पुडी दिली. "खोकलो तर एक खावा."

तिसऱ्या दिवशी आम्ही एका आशाताईंच्या घरी गेलो. चाळिशीच्या, काटक, आसपासच्या चार गावांतल्या बाळंतिणींना जंक्शनच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं काम त्यांच्याकडे. मला वाटलं, या तर गाडीसाठी जीव टाकतील. मी फॉर्म काढला. त्यांनी तो हाताने बाजूला केला आणि काकांकडे बघून म्हणाल्या, "खरं सांगू काय जी? राग नाही ना येनार?"

"सांगा ना," काका म्हणाले.

"तुमची गाडी बंद पडली तवा आमच्या गावात कोनी रडलं नाही."

काकांनी लवंग चावायची थांबवली.

"आता असं पाहा," आशाताई म्हणाल्या. "गाडी जंक्शनले पोचे साडेअकराले. तिथून दवाखाना अर्धा तास. बारा वाजता केसपेपरची खिडकी बंद. मंग पोटुशी बाई घेऊन म्या दिवसभर झाडाखाली बसू, आन् ते म्हनतीन उद्या या. कालेजच्या पोरींचे दोन तास रोज बुडत. भाजी दुपारी नेली तं कोन घेते? सुकते बिचारी. मंग आमी जीप धरली. म्हागाची हाय, आदळते, पन सकाळी पोचते. गाडी होती बाप्पा. पन कामाची नोती."

"पण आठ चाळीस..." काका म्हणाले. "ती वेळ तर ठरलेली होती."

"कोनी ठरवली?"

काकांनी आशाताईंना नमस्कार केला, उठले आणि बाहेर पडले.

मी फॉर्म भरून स्टेशनवर आले तेव्हा ते फलाटाच्या कडेला पाय सोडून बसले होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना इतकं लहान झालेलं पाहिलं नव्हतं. तीन फाइली भरून त्यांनी ज्या गाडीसाठी भांडण केलं होतं, रोज सकाळी जिला घरातून निरोप दिला होता, ती ज्यांच्यासाठी होती त्यांच्याच उपयोगाची नव्हती, आणि हे त्यांना इतक्या फेऱ्यांत एकदाही कळलं नव्हतं. ते सुट्टीला यायचे. त्यांना कुठे दवाखाना गाठायचा होता?

काकू त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या होत्या.

"काय झाला?"

"गाडी नापास आहे आपली," काका म्हणाले. "ती बाई बरोबर बोलली. मी कधी मोजलंच नाही."

काकूंनी मोहाचं एक फूल उचलून हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि परत ठेवलं. "मगे दुरुस्त करा. कारखान्यात नापास झालेला सगळा काय खाडीत फेकी होतात?"

काका काकूंकडे वळले. "नाही," ते सावकाश म्हणाले. "रीवर्कला पाठवायचो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या फॉर्मवरचा पहिला प्रश्नच खोडला. 'गाडी सुरू झाली तर जाल का?' याऐवजी त्यांनी पेनाने लिहिलं, 'तुम्हाला किती वाजता पोचायचं आहे?' आणि आता ते खोकत नव्हते, ऐकत होते. सहा दिवसांत सगळी स्टेशनं झाली. मी हिशेब मांडला. लोकांना जंक्शनला साडेआठला पोचायचं होतं. म्हणजे गाडी भिवकुंडहून पावणेसहाच्या सुमाराला सुटायला हवी. तशी सुटली तर रोज साठ ते सत्तर माणसं.

"शंभर नाही होत?" काकांनी विचारलं.

"नाही होत."

"मग सत्तर तरी कशाला? पासष्ट लिही."

अहवालात मी एक परिच्छेद असाही लिहिला होता की नुसत्या खर्चाचा विचार केला तर दोन बस स्वस्त पडतील. रस्ता मात्र पावसाळ्यात बंद राहतो. पाठवायच्या आधी काकांनी तो वाचला. मला वाटलं, आता लाल पेन निघणार. त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, "राहू दे ते. खरं आहे ना? मग राहू दे."

अधिकाऱ्याला भेटायला आम्ही परत गेलो तेव्हा काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो मुलगा सभ्य होता. त्याने सगळं वाचलं. मग म्हणाला, "काका, पावणेसहाला गाडी सोडायची तर ड्रायव्हर आणि गार्डला आदल्या दिवशी भिवकुंडला मुक्काम करावा लागेल. तिथली विश्रांतीची खोली केव्हाची बंद आहे. मी पाहिलेलीही नाही."

"मी पाहिलीये," काका म्हणाले आणि त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "दहा फूट चार इंच बाय बारा फूट. तीन खाटा बसतात. छप्पर दोन ठिकाणी गळतं, पत्रे बदलायला लागतील. दाराची कडी मोडलीये. नळ चालू आहे, मी स्वतः पाणी पिऊन आलोय."

अधिकारी हसायला लागला. "काका, तुम्ही आमच्या खात्यात का नाही आलात?"

"मी फक्त तपासतो," काका म्हणाले. "चालवायची तुम्ही."

पुढे वर्षभर काहीच घडलं नाही आणि मग पत्र आलं. तीन महिने चाचणी. तीन डबे. वेळ सकाळी पाच पन्नास. चाचणीनंतर माणसं बघून निर्णय.

उद्घाटनाला फलक, हार, पुढारी, ढोल, सगळं होतं. काकांना बोलावणं नव्हतं आणि त्यांना जायचंही नव्हतं. "पहिल्या दिवशी लोक गाडी बघायला येतात," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी जे येतात ते पॅसेंजर." आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. अजून अंधुक होतं, फलाटावर आदल्या दिवशीच्या झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या. तीन डब्यांत मिळून चौदा माणसं चढली. मी काकांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. ते डब्याडब्यातून फिरून आले, माझ्या समोर बसले आणि म्हणाले, "चौदा. झकास." आशाताई पुढच्या डब्यात होत्या, एका अवघडलेल्या पोरीला टेकून बसवून. त्यांनी लांबूनच हात केला.

ते तीन महिने आमच्या घरात परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे गेले. आता काका पहाटे पाच पन्नासला "सुटली!" म्हणायचे, तेही पूर्वीच्याच आवाजात, त्यामुळे दोन मजले जागे व्हायचे. आशाताई रोज मोबाइलवर आकडा पाठवायच्या. बावीस. एकोणतीस. छत्तीस. काकूंनी तर त्यांच्याशी वेगळीच मैत्री जमवली. मालवणी आणि वऱ्हाडी यांच्यात फोनवर तासन्‌तास काय चालायचं कोण जाणे, पण बाळंतिणीला काय खायला घालावं यावर दोन्ही बाजूंनी जोरात मतं मांडली जायची. पेरणी सुरू झाली आणि आकडा घसरला. एकोणीस. सतरा. तेव्हा भिवकुंडच्या एका दुकानदाराचा काकांना फोन आला. तो म्हणाला, आम्ही ठरवलंय, रोज पन्नास तिकिटं काढून ठेवतो. गाडी रिकामी गेली तरी कागदावर भरलेली दिसेल. माणूस मनाचा चांगला होता, गावाच्या भल्यासाठीच बोलत होता.

काकांनी फोन कानाला लावूनच फाइलींकडे बघितलं. मी समोरच बसले होते. मला वाटतं, त्या क्षणी त्यांच्या मनात आलं असणार, की हो म्हणावं. तीन फाइली होत्या.

"नको," ते म्हणाले. "असं नको करू, दादा. तिकीट चढत नाही रे गाडीत. उद्या कोणी मोजायला येईल, त्याला माणूस दिसला पाहिजे. सतरा तर सतरा. पेरणी संपू दे."

फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, "गेली बहुतेक गाडी."

गेली नाही. पेरणी संपली, नाला भरला, जीप बंद पडल्या आणि पुढच्या पंधरवड्यात आकडा एकदम वर गेला. एकसष्ट आला त्या दिवशी काकूंनी नारळाच्या गोड रसातले शिरवाळे केले. पासष्टच्या वर तो फक्त दोनदा गेला. माझा अंदाज इतका बरोबर आल्याचा मला अभिमान वाटायला हवा होता, पण मी रोज तो चुकावा म्हणून वाट बघायची.

शेवटी पत्र आलं. सेवा पुढे चालू. रविवार सोडून. काकांनी ते दोनदा वाचलं. मग लाल पेन ठेवून दिलं आणि कुठूनसं हिरवं काढलं. एवढ्या वर्षांत ते पेन मी पाहिलंच नव्हतं. पत्रावर त्यांनी लिहिलं, 'पास.' क्षणभर थांबले आणि खाली बारीक अक्षरात, 'रविवारचे बघावे.'

त्यानंतर वर्षभराने माझी नोकरी बदलली आणि मी नागपूरला आले. सणासुदीला फोन असायचा. काकांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला होता, त्यामुळे त्यांचं भिवकुंडला जाणं थांबलं. मागच्या हिवाळ्यात कामासाठी मला त्या भागात जायचं होतं, म्हणून मी मुद्दाम भिवकुंडला मुक्काम केला आणि सकाळच्या गाडीने निघाले.

थंडी मरणाची होती. डब्यात माझ्यासमोर एक विशी-बाविशीची मुलगी बसली होती. हिरवा चुडा, अंगावर शाल, मांडीवर डबा. जंक्शनला शिवणकामाच्या वर्गाला जायची रोज. मला राहवेना. मी तिला म्हटलं, "ही गाडी मध्ये काही वर्षं बंद होती ना?"

"ही?" ती म्हणाली. "नाही जी. ही तं पयलेपासून हाये."

"पण मी ऐकलं होतं की..."

"दुसरी असंन कोनती. मी लगीन होऊन आली तवापासून रोजची हाये ही," तिने निक्षून सांगितलं आणि शेजारच्या बाईकडे वळली. त्या बाईनेही मान हलवली. खिडकीबाहेर उजाडत होतं आणि एका लहान स्टेशनवर चार-पाच पोरी दप्तरं सावरत धावत येत होत्या.

जंक्शनला उतरल्यावर मी मुलुंडला फोन लावला आणि काकांना हे सगळं, त्या मुलीच्या शब्दांत, सांगितलं. मला थोडी भीती होती की त्यांना वाईट वाटेल.

त्यांनी फोन बाजूला धरून आत हाक मारली, "अगं, ऐकलंस का? ती पोरगी म्हणते, गाडी पहिल्यापासून आहे!"

लांबून काकूंचा आवाज आला, "मगे तुमी इतकी वर्सां काय करी होतात?"

"काही नाही गं," काका म्हणाले, आणि इतके हसायला लागले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "काहीच नाही!"